मे महिन्यातली ओल

आमचा पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, दिवाळी अंकाला गॅरेजमधले गमतीदार अनुभव लिहून द्या." गमतीदार म्हणे! उभा जन्म ग्रीस आणि रॉकेलमध्ये हात घालून गेला, तेव्हा गमती काय थोड्या झाल्या? एका ठेकेदाराच्या एअर फिल्टरमध्ये उंदरीण बाळंत झालेली निघाली. एका नवरदेवाची सजवलेली गाडी वरातीत बंद पडली, म्हणून घोडी मागवली, तर तो घोडीला घाबरून माझ्या स्कूटरवर मागे बसून मांडवात गेला. हे सगळं मी पंगतीत सांगतो आणि लोक हसतात. पण लिहायला बसलो की पेन दर वेळी एकाच गाडीपाशी येऊन अडतं. तिची आठवण निघाली की अजून कान गरम होतात. तर तीच लिहितो. गंमत सापडली तर तुमची.

आधी आमच्याविषयी. आम्ही झाशीचे मराठी. पूर्वज कधीकाळी इकडे कारकुनीला आले आणि परतायचं राहूनच गेलं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी, भाजीवालीशी बुंदेली. आमच्या समाजात मुलगा बँकेत नाहीतर रेल्वेच्या कचेरीत चिकटला तर तो मुलगा. आम्ही दोघे भाऊ, मी आणि माझ्या पाठचा मधू, पाने घेऊन गाड्यांखाली शिरलो. वडील बरेच दिवस लोकांना सांगत, "दोघंही मोटर कंपनीत आहेत." कंपनी म्हणजे खंडेराव गेटाबाहेर एक पत्र्याची शेड, पुढे कडुनिंबाचं झाड, आणि झाडाखाली गिऱ्हाइकाला बसायला वेताचा मोढा.

आमच्या गॅरेजात एक हत्यार असं होतं की जे कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. मराठी! गिऱ्हाईक शपथेवर सांगतोय, "भैया, गाड़ी तो बस मंदिर तक जाती है," आणि मी गाडीखालून मधूला ओरडतोय, "अरे, हा खदानीत जाऊन आलाय, स्प्रिंगच्या पाट्यांत खडी अडकलीय बघ." गिऱ्हाइकाला वाटायचं आम्ही कुठल्या तरी मोठ्या बिघाडाची चर्चा करतोय. तो बिचारा चहा मागवायचा. कामापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण हाताशी पेचकस असला की माणूस त्यानं लोणच्याची बरणीसुद्धा उघडायला जातो. हळूहळू आम्ही मराठीत गाडी सोडून गिऱ्हाइकावर बोलायला लागलो. कुणाचं टक्कल, कुणाची चाल, कुणाला बायको कशी फिरवते. माणसाच्या तोंडावर त्याची निंदा करायची आणि त्यानं आपल्याकडे बघून हसायचं, ह्यात एक घाणेरडी मजा असते. आम्हाला तिची चटक लागली. मधू जात्याच विनोदी. पण खोटं कशाला बोलू, जहाल जीभ माझी.

आता थोडं धंद्यातलं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुन्या गाडीच्या इंजिनात चार सिलेंडर. प्रत्येकात पेट्रोल-हवेचं मिश्रण येतं, वरून प्लग ठिणगी टाकतो, स्फोट होतो, गाडी पुढे जाते. चौघं पाळीपाळीनं कामं करतात. त्यातल्या एकानं दांडी मारली की गाडी लंगडते, खोकते, चढावर रडते. ह्याला आम्ही लोक म्हणतो 'मिसिंग'. कोण दांडी मारतोय हे शोधायची सोपी रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या टोप्या एकेक करून उपसायच्या. कामातल्या सिलेंडरची टोपी काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची टोपी काढून काहीच फरक पडत नाही, तो कामचुकार. मग प्लग बघा, तार बघा. चौघांना करंट वाटून देतो तो डिस्ट्रिब्यूटर. काळ्या झाकणाचा गोल डबा, दोन क्लिपांनी बंद केलेला. त्या झाकणाला कॅप म्हणतात. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरली की करंट भलतीकडे पळतो आणि गाडी मिसिंग मारते. कोरड्या फडक्यानं पुसा, झालं काम. हे पावसाळ्यात शेंबडं पोरही सांगेल.

माझा कान चांगला होता. गाडी गेटातून वळताना आवाजावरून मी सांगायचो, तिसरा सिलेंडर गेलाय. लोक 'मिस्त्री जी' म्हणायचे, छाती फुगायची.

त्या सुमाराला रस्त्यावर छोट्या नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि अँबेसेडरवाले आपल्या गाड्यांची काळजी म्हाताऱ्या बैलासारखी घेत होते. अशीच एक पांढरी अँबेसेडर आमच्याकडे आली. बडा बाजाराच्या टोकाला एका जुन्या वकिलांचं घर होतं. वकीलसाहेब वारले होते. गाडी त्यांची. मागच्या सीटवर त्यांच्या विधवा पत्नी. आम्ही त्यांना 'अम्माजी' म्हणू लागलो. फिकी सुती साडी, पदर इकडच्या बायकांसारखा उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, डोक्यावर ओढलेला, बोलणं मोजकं आणि हिंदी. गाडी चालवायला कढोरे. हा वकीलसाहेबांच्या वेळचा ड्रायव्हर, अंगानं किडकिडीत, खाकी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा, आणि अम्माजींना 'बऊजू' म्हणणारा. बऊ म्हणजे बुंदेलीत आई.

गाडी मिसिंग मारत होती. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळाले होते. बदलले. सरळ काम. अम्माजी तेवढा वेळ झाडाखाली मोढ्यावर बसून होत्या. मी गाडी कढोरेच्या ताब्यात दिली आणि विसरलो.

पंधरवडा गेला असेल नसेल, गाडी खोकत परत हजर! मी हातातलं काम उरकून टोप्या उपसून बघितल्या. दुसरा सिलेंडर कामचुकार. प्लग बदलला. इंजिन घड्याळासारखं चालू लागलं. मी मधूला म्हटलं, "बघ, ह्याला म्हणतात हात." काही दिवसांनी पुन्हा आली. ह्या वेळी चौथा. तारा बदलल्या. पुन्हा आली. बॉनेट उघडेपर्यंत गाडी ठणठणीत, जसं काही झालंच नव्हतं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर उघडून फुंकला. कॅपसुद्धा उघडली, कोरडी ठणठणीत होती. आत बारीक पांढरे ठिपके होते, ते मी धूळ म्हणून पुसून टाकले. दर वेळी गाडी बरी होऊन जायची आणि दर वेळी परत यायची. मजुरी घ्यायची मला चोरी झाली. गेटावरचा पानवाला विचारायला लागला, "मिस्त्री जी, वकील साहब वाली अच्छी नहीं हुई क्या?" अंगाचा तिळपापड व्हायचा.

दर वेळी अम्माजी स्वतः येत. ड्रायव्हरबरोबर गाडी पाठवून दिली तर चालत नव्हतं का? मोढ्यावर बसत, डोळे मिटून घेत. आम्हाला वाटे, म्हातारी डुलक्या काढतेय. कधी मधू काहीतरी बोलला आणि मी हसलो, की त्या पदर तोंडाला लावत. आम्हाला वाटे, खोकला.

आणि आमच्या जिभा मोकाट! मधू म्हणायचा, "दादा, सरणावर जायची वेळ आली तरी बाईला मोटर सुटत नाही." मी कार्ब्युरेटरमध्ये तोंड घालून तडकलेला असायचो. एके दिवशी मी बोललो, आणि ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे, विसरता येत नाही. मी म्हटलं, "अरे, हिला घरात कुत्रं विचारत नसणार. म्हणून गाडीचं निमित्त काढून इथं येऊन बसते. आपण काय, हिच्या करमणुकीला बसलोय?" मधू खो खो हसला. अम्माजी डोळे मिटून बसल्या होत्या. जरा वेळानं उठल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "बेटा, हो गया हो तो चलें?"

आज वाटतं, गाडीचं निदान मला महिनोन् महिने जमलं नाही, आणि ह्या बाईचं मी एका वाक्यात केलं होतं. फक्त ते थट्टेत केलं.

अम्माजींचा मुलगा बिजौलीच्या एका कारखान्यात मॅनेजर होता. तो एकदा स्वतः आला. स्वच्छ माणूस, घाईतला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री जी, मुझे लगता है ड्राइवर कुछ गड़बड़ करता है. आप पक्का बताइए, मैं उसी दिन उसकी छुट्टी कर दूँगा." मी मान डोलावली. मला तर बुडत्याला काडीचा आधार मिळाला. माझ्या हाताचा दोष नाही, कुणीतरी मुद्दाम करतंय! हा विचार इतका गोड होता की तो मी लगेच गिळला.

मग तो मे महिना आला. झाशीचा मे ज्यानं बघितला नाही त्याला काय सांगू. गरम वाऱ्याची लू सुटली की पाना उन्हात ठेवला तर हाताला फोड येतो. दुपारी रस्त्यावर माणूस नाही, गॅरेजात काम नाही. मी आणि मधू झाडाखाली डबा उघडून बसणार, एवढ्यात पांढरी अँबेसेडर खोकत, अडखळत आली. दर वेळी मी हातातलं काम संपवून तिच्याकडे वळायचो. त्या दिवशी हातात काम नव्हतं. गाडी थांबता थांबता मी बॉनेट वर केलं, आणि का कोण जाणे, आधी डिस्ट्रिब्यूटरच्या क्लिपा काढल्या.

कॅप उलटी केली. आत पाणी! बारीक बारीक थेंब, अगदी ताजे. आणि त्या थेंबांशेजारी तेच पांढरे ठिपके, जे मी धूळ म्हणून पुसले होते. अहो, आमच्या बुंदेलखंडाचं पाणी भारी जड. तांब्या बाहेरून पुसला नाही तर वाळल्यावर असेच पांढरे डाग उठतात. म्हणजे पाणी एकदा नाही, दर वेळी पडत होतं. घरापासून इथपर्यंत येईस्तोवर गाडी खोकायची, इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापानं ओल उडून जायची, आणि मी कोरड्या कॅपपुढे अक्कल पाजळत बसायचो. ज्या महिन्यात झाशीत घशात पाणी टिकत नाही, त्या महिन्यात ओलीचा संशय घेईल कोण?

"सापडलं!" मी ओरडलो. इतक्या महिन्यांचा अपमान एका क्षणात धुऊन निघाल्यासारखं वाटलं. पण पाणी आपोआप आत जात नाही. दोन क्लिपा काढून, झाकण उचलून कुणीतरी ते शिंपडलं होतं. मी कॅप हातात धरून कढोरेपुढे गेलो.

"क्यों रे, यह क्या है?"

त्यानं वाकून बघितलं. "पानी है भैया."

"किसने डाला? गाड़ी तेरे ताबे में रहती है ना?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. बटणापाशी हात गेला. "हमने कछू नईं करो, भैया. वकील साब की सौगंध. हमाई तो रोटी चली जैहै." त्यानं चक्क हात जोडले. त्याच्याहून लहान माणसापुढे, रस्त्यात, भर उन्हात.

मला दया यायला हवी होती. मी मधूकडे वळलो आणि आमच्या लाडक्या हत्यारानं वार केला: "बघ डोळे कसे फिरवतोय. चोर आहे साला. आजच बिजौलीला जातो आणि मुलाला सांगून ह्याला हाकलून लावतो. म्हातारीला काय कळतंय, ती बसलीय झोपा काढत."

कढोरेला मराठी येत नव्हतं. पण 'चोर' हिंदीतही चोरच. त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात मोढ्यावरून आवाज आला. शांत, जरासा घोगरा, बऱ्याच दिवसांनी कुलूप उघडावं तसा.

"त्याला काही बोलू नका हो. पाणी मी घालत्ये."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. आमच्या शेडमध्ये मी आणि मधू सोडून तिसरं मराठी माणूस कधी बोललं नव्हतं. मी मधूकडे बघितलं. मधू अम्माजींकडे बघत होता. तोंड उघडं, हातात थालीपिठाचा तुकडा तसाच.

"देवाच्या पळीनं घालत्ये," अम्माजी म्हणाल्या. "निघायच्या आधी हा चहाला जातो तेव्हा. आमचे हे पावसात गाडी अडली की ती कॅप उघडून पुसायचे, आणि मी छत्री धरून उभी राहायची. म्हणून ठाऊक होतं, ओल झाली की गाडी अडते. त्याची काही चूक नाही. मुलाला काही सांगू नका."

घालत्ये! आमची आई असं बोलायची. एक एक करून सगळं आठवायला लागलं. सरण, करमणूक, आणि ते कुत्रं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी बॉनेटसकट आत जावं. कॅप हातात होती, ती मी उगाच पुसत राहिलो.

मधूनं कसंबसं विचारलं, "तुम्ही... मराठी?"

अम्माजी जवळच्याच गुरसरायच्या. माहेर मराठी, संस्थानच्या नोकरीतलं, मोठं नावाजलेलं. वकीलसाहेब इकडचे, जातीबाहेरचे. लग्न स्वतःच्या मनानं केलं. वडिलांनी सांगितलं, ह्या घरचं पाणी तुला बंद. त्यांनी ते मरेपर्यंत पाळलं आणि भावांनी त्यांच्यानंतरही पाळलं. "ह्यांनी मला कधी अडवलं नाही," त्या म्हणाल्या, "पण बोलू कुणाशी? मुलं लहान होती तोवर बोलले. ती हसायची, मग मी सोडून दिलं. तुमच्या समाजाच्या गणपतीला यायचं म्हटलं तर तिथं माझे चुलतभाऊ. ज्यांनी दारात उभं केलं नाही, त्यांच्यात कुठल्या तोंडानं येऊ? पहिल्यांदा गाडी खरीच बिघडली होती. तुम्ही दोघं इथं थालीपिठाच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडत होतात. हा म्हणत होता, दादा, तू कालही खाल्लंस. मला वाटलं, आमचे दोघे भाऊच बसलेत."

"मग बोलायचं तरी आमच्याशी!" मी म्हटलं. आवाज रागाचा आला. लाज वाटली की मला आधी राग येतो, खोडच आहे.

"बोलले असते तर तुम्ही जपून बोलला असतात. पाहुण्याशी बोलतात तसं. मला घरातलं ऐकायचं होतं."

"पण आम्ही जे... आम्ही तुमच्याविषयी जे काही..."

"ऐकलं की," त्या म्हणाल्या. "बरं नाही वाटायचं. एकदा तर ठरवलं होतं, आता जायचं नाही. पण चार दिवस गेले की पळी हातात यायचीच." मग किंचित हसल्या. "आणि कुत्र्याचं म्हणाल, तर आमच्याकडे कुत्रं पाळलेलंच नाही."

मी त्यांच्या पाया पडलो. त्या 'अरे अरे' म्हणाल्या. हात काळे होते, म्हणून पायांना न लावता नुसता जमिनीला लावला. मग कढोरेकडे गेलो आणि हिंदीत माफी मागितली. तो गोंधळून म्हणाला, "काए की माफी भैया, गाड़ी ठीक हो गई ना?" त्यानं मला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं.

मी अम्माजींना सांगितलं, पाणीबिणी काही घालू नका, तुमचंच दुकान आहे, वाटेल तेव्हा येऊन बसा. त्या एकदा आल्या. गाडी लोण्यासारखी चालत आली. आम्ही मोढ्यावर धुतलेली चादर घातली होती. बायकोकडून थालीपिठं करून आणली होती, ताटात वाढून लोण्याचा गोळा घालून दिली. आणि बोलायला बसलो तर काय, दोघांच्या तोंडून शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतली मराठी! "आपली प्रकृती कशी आहे?" "आपण आणखी एक घ्यावे." मधूला एक विनोद सुचला होता, तो त्यानं गिळला. मी पाना मागितला तोसुद्धा 'कृपया' लावून. शेवटच्या थालीपिठावरून कुणी भांडलं नाही. ते ताटातच राहिलं.

अम्माजींनी निमूट खाल्लं, पाणी प्यायल्या. उठताना म्हणाल्या, "निंदा करत होतात तेव्हा बरं बोलायचात रे." आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी जायला हवं होतं. बडा बाजार काय लांब होता? सामान आणायला दर आठवड्याला त्या बाजूला जायचो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की सायकल आपोआप जोरात मारली जायची. जाऊन बोलणार काय, कुठलं तोंड घेऊन उभा राहणार? उद्या जाऊ, सणाला जाऊ, करत करत राहिलं. पुढे एक दिवस कढोरे चालत आला. गाडीशिवाय त्याला मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाला, "बऊजू चली गईं. सोचा, आप लोगन खों बता दें." बातमी सांगायला चोर म्हटलेला माणूसच आला. मधू रडला. मी उगाच एक ठीकठाक प्लग काढून घासत बसलो.

त्यानंतर गॅरेजात मराठी बंद झाली. ठरवून नाही केली. गिऱ्हाईक समोर असलं की जीभच उचलत नसे. कोण जाणे कोण ऐकत असेल! दोघं भाऊ हिंदीतून पाने मागू लागलो. आधी विचित्र वाटायचं, मग सवय झाली. मग मधूचा मुलगा त्याला ग्वाल्हेरला घेऊन गेला आणि तिथेच मधू आटोपला. माझी बायको आधीच गेली होती. मुलगा आणि सून चांगली आहेत, नातवंडं गोड आहेत, सगळी हिंदी बोलतात. मी मराठीत काही म्हटलं तर नातू म्हणतो, "दादाजी, समझ में आता है, पर बोलने में हँसी आती है." शेड गेली, कडुनिंब आहे.

आता माझं काय आहे, सांगायला लाज वाटते, पण एवढं सांगितलं तर हेही सांगतो. संध्याकाळी मी फिरायला म्हणून स्टेशनवर जातो. प्लॅटफॉर्मचं तिकीट काढतो आणि महाराष्ट्राकडच्या गाडीची वाट बघत नळापाशी बाकावर बसतो. गाडी थांबली की माणसं बाटल्या भरायला उतरतात, बायका खिडकीतून सूचना देतात, मुलं भांडतात. सगळं मराठीत. तेवढं ऐकतो आणि घरी येतो. घरी सांगतो, गुडघ्यांना चालणं बरं.

मागच्या आठवड्यात एक तरुण माणूस खांद्याला बॅग लावून नळावर आला. बॅग त्यानं माझ्या शेजारी बाकावर ठेवली. खिडकीतून त्याची बायको ओरडली, "अहो, बॅग उचला आधी! तो म्हातारा मघापासून टक लावून बघतोय. चोरबीर असायचा."

"अगं, हळू बोल."

"त्याला काय कळतंय!"

उत्तर जिभेवर आलं होतं. शुद्ध, घरातलं, आईच्या तोंडचं. नुसतं 'ताई' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी बोललो असतो तर ती पोरगी ओशाळून गेली असती, पुढच्या स्टेशनापर्यंत तोंड उघडलं नसतं तिनं, आणि उघडलं असतं तर 'आपण कुठले' म्हणाली असती. माझे कान गरम झाले. तिचा राग नाही आला. अम्माजी त्या मोढ्यावर डोळे मिटून कशा बसत असतील, ते मला तेव्हा कळलं. मीही मान खाली घातली, कढोरेनं घातली होती तशी, आणि बाकाच्या पार कडेला सरकलो, म्हणजे तिला धीर येईल.

तिला धीर आला. ती मुलाला दशमी भरवायला लागली, आणि नवऱ्यावर ओरडायला लागली की बाटलीचं झाकण कुठे टाकलंत. गाडी हलेपर्यंत मी डोळे मिटून ऐकत बसलो.